सातवीच्या वर्गात इंडोनेशिया

परक्या देशाचा धडा आला की वर्गात काय घडते, हे ज्यांची मुले पाचवी ते आठवीत आहेत त्या पालकांना ठाऊक असेलच. राजधानी, चलन, मुख्य पिके, खनिजे, एक पर्वत आणि दोन नद्या. मुलगा संध्याकाळी डोलत डोलत एवढे घोकतो, सहामाहीला लिहून येतो आणि दिवाळीच्या सुट्टीत विसरून जातो. त्या देशात माणसे राहतात, ती आपसांत भांडतात, त्यांच्या घरी मुलींच्या शाळेवरून वाद होतात, त्यांच्या आजोबांनी कुणाची तरी गुलामी सोसलेली असते, याचा त्याला पत्ताही लागत नाही. दोष मुलाचा नाही. आम्हां शिक्षकांनीच त्याला देश म्हणून एक यादी दिलेली असते.

इतिहास-भूगोल शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या अनुभवावरून माझे असे मत झाले आहे की माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावरच्या मुलाला दहा देश वरवर शिकवण्यापेक्षा एकच देश महिनाभर नीट शिकवावा. मी त्यासाठी इंडोनेशिया निवडत असे. काही पालकांना वाटे, मुस्लिम देश म्हणून निवडला. ते काही अंशी खरे आहे, ते मी नाकारणार नाही. जगातील सर्वांत मोठ्या मुस्लिम वस्तीच्या देशांत त्याची गणना होते. लोकसंख्या २८ कोटींच्या घरात आणि त्यांतील शेकडा ८७ मुसलमान. परंतु मुख्य कारण वेगळे होते. आपल्या मुलांना ज्या प्रश्नांनी घरी आणि दारी गाठलेले असते, म्हणजे शिक्षण कोणत्या भाषेत घ्यावे, मुलींना किती शिकवावे, शेजारच्या धर्माच्या लोकांशी कसे नांदावे, ते सारे प्रश्न त्या देशाने आपापल्या परीने सोडवून पाहिले आहेत. कधी चांगले, कधी वाईट. दुसऱ्याच्या घरात पाहिलेला प्रश्न मुलाला न बिचकता पाहता येतो.

वाचकहो, आरंभ नकाशापासून करू नका, स्वयंपाकघरापासून करा. मी मुलांना घरच्या मसाल्याच्या डब्यातून एक लवंग, जायफळाचा एक तुकडा आणि मिळाली तर जायपत्री आणायला सांगत असे. हातावर ठेवा, वास घ्या, आणि मग सांगा की हे झाड मूळचे कुठले. आज आपल्या कोकणातल्या बागांतही जायफळ होते, म्हणून बहुतेक मुले 'आपल्याकडचेच' असे सांगत. वस्तुतः कित्येक शतके जगाला जायफळ मिळे ते बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांतून, आणि लवंग मिळे ती तेर्नाते, तिदोरे आणि त्यांच्या आसपासच्या चार-सहा बेटांतून. इंडोनेशियात सतरा हजारांहून अधिक बेटे आहेत. परंतु पोर्तुगीज, डच, इंग्रज यांची गलबते आफ्रिकेला वळसा घालून आली ती मुख्यतः या ठिपक्यांच्या शोधात.

१६२१ साली डच कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरसून कून याने बांदा बेटांवर स्वारी केली. बेटांवरचे लोक जायफळ केवळ डचांनाच विकायला तयार नव्हते, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यांच्या चाळीसेक पुढाऱ्यांना ठार मारण्यात आले. बाकीचे मारले गेले, उपासमारीने मेले, गुलाम म्हणून नेले गेले किंवा पळून गेले. सुमारे पंधरा हजारांची वस्ती होती असा अंदाज आहे. मागे उरले ते फारच थोडे. पुढे तेथे गुलाम आणून जायफळाच्या बागा चालवल्या गेल्या. यांतले रन नावाचे एक बेट इंग्रजांच्या दाव्याखाली होते. १६६७ च्या ब्रेडाच्या तहाने ते डचांकडे राहिले आणि डचांनी अमेरिकेतल्या मॅनहॅटन बेटावरचा, म्हणजे आजच्या न्यूयॉर्क शहराच्या जागेवरचा हक्क इंग्रजांना सोडला. हे सांगितले की वर्ग काही क्षण स्तब्ध होतो. हातातल्या जायफळाकडे मुले पुन्हा पाहतात. त्यानंतर नकाशा उघडावा. तेव्हा मुले तो आपण होऊन शोधतात.

दुसरा तास वाऱ्याचा. जो मोसमी वारा आपल्याकडे जूनमध्ये पाऊस आणतो, त्याच्याच आधाराने अरबी, गुजराती आणि मलबारी गलबते पूर्वेकडे जात आणि वारा उलटला की परतत. कोकणातल्या कित्येक घरांत जहाजावर नोकरी केलेला कुणी आजोबा, चुलता निघतोच. त्या मुलांना वाऱ्याचे महत्त्व पुस्तकातून समजावावे लागत नाही. वारा फिरेपर्यंत व्यापाऱ्याला परक्या बंदरात महिनोन्‌महिने थांबावे लागे. मग तो तेथे घर करी, लग्न करी, मशीद बांधी. सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाशी पासै नावाचे राज्य होते. तेथील सुलतान मलिक अल्-सालिह याची कबर १२९७ सालची आहे. जावाच्या किनाऱ्यावर ग्रेसिक येथे मलिक इब्राहिम यांची १४१९ सालची कबर आहे, आणि तिच्या कोरीव दगडाची घडण गुजरातेतल्या खंबायतच्या दगडांशी जुळते. दगडसुद्धा समुद्र ओलांडून गेला, मग माणसांचे काय सांगावे!

येथे दोन गैरसमज दूर करावे लागतात. बाहेर ऐकलेला एक, की इस्लाम जेथे गेला तेथे तलवारीनेच गेला. इंडोनेशियात कोणतेही बाहेरचे सैन्य तो घेऊन गेले नव्हते. घरात ऐकलेला दुसरा, की तो केवळ संतांच्या चमत्काराने पसरला. संत होते, सूफी होते, जावातील नऊ वलींच्या कथा तेथे घरोघर सांगतात. परंतु बंदरातील हिशेब, उधारी, विश्वास आणि सोयरीक यांचाही त्यात वाटा होता, आणि स्थानिक राजे आपसांत लढले तेव्हा त्या लढायांतूनही सत्ता पालटली. मुलांना हे सरळ सांगावे. व्यापाऱ्याच्या प्रामाणिकपणाने धर्म पसरला, असे मी म्हटले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, मग आमच्या बाजारातल्या दुकानदारांनी काय केलं असतं?" सारा वर्ग हसला, मीही हसलो.

इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकात या दोन्ही किनाऱ्यांवर येऊन गेला. सुमात्रातील सुलतानाबद्दल तो लिहितो की त्याला विद्वानांशी धर्मशास्त्रावर चर्चा करण्याची आवड होती. आणि आपल्या बाजूला, गोव्याच्या खाली, आज कर्नाटकात असलेल्या होनावर बंदरात त्याने काय पाहिले? मुलांच्या २३ शाळा आणि मुलींच्या १३. साडेसहाशे वर्षांहून अधिक काळापूर्वीचा हा आकडा मी फळ्यावर लिहून ठेवीत असे आणि आठवडाभर पुसत नसे. त्याबद्दल काही बोलतही नसे.

शब्दांचा तक्ता हा मुलांचा आवडता उद्योग. इंडोनेशियाच्या भाषेत भाषेला बहासा म्हणतात, विद्यार्थ्याला सिस्वा, म्हणजे आपला शिष्य, आणि शिक्षकाला गुरूच. नगारा म्हणजे नगर नव्हे, देश. किंमत म्हणजे हर्गा, हा संस्कृतातला अर्घ. स्वातंत्र्याला मर्देका म्हणतात, तो शब्दही संस्कृत महर्द्धिक यावरून आला. या झाल्या एका रांगेतल्या. दुसऱ्या रांगेत अरबी-फारसी: कुर्सी, दुनिया, वक्ताचा वाक्तु, खबरीचा काबार, बाजाराचा पासार. तिसऱ्या रांगेत पोर्तुगीज: अननसाला नानास, अलमारीला लमारी. आता आपल्या मराठीतही हेच तीन थर आहेत की नाही पाहा. खुर्ची कोठून आली, अननस कोठून आले? आपल्या भाषेत परके शब्द आहेत म्हणून कुणी हिणवले तर हा तक्ता मुलाच्या उपयोगी पडतो, आणि त्याने स्वतः दुसऱ्या कुणाला हिणवू नये यासाठी तर अधिकच.

याच आठवड्यात एक पालक शाळेत आले. त्यांची तक्रार होती की सरांनी मुलांना सांगितले, तिकडचे मुसलमान महाभारताच्या कथांचा बाहुल्यांचा खेळ रात्ररात्र पाहतात आणि त्यांच्या राष्ट्रीय चिन्हावर गरुड आहे. हे शिकवण्याचे कारण काय? मी त्यांना बसवले आणि सांगितले, हे मी शिकवले नाही, हे तेथे आहे. जावातील वायांग म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ; त्यात अर्जुन आहे, भीम आहे, आणि खास जावाचे असे विनोदी सेवकही आहेत. नऊ वलींपैकी सुनान कालीजागा यांनी याच खेळातून लोकांना दीन समजावला, अशी तेथील परंपरा आहे. तेथेही सर्वांनाच हे पसंत आहे असे नाही. कर्मठ आणि उदार यांचा वाद तिकडेही शतकानुशतके चालू आहे. मुलाने तो वाद आहे हे जाणावे, एवढेच माझे मागणे. "ते असे करतात, म्हणून आपणही करा," असे मी कधी सांगितले नाही. आणि "ते असे करतात म्हणून ते कच्चे मुसलमान," असेही सांगणार नाही. हजला जाऊन आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा, इंडोनेशियाच्या हाजींची शिस्त कशी असते. त्यांच्याइतका मोठा जत्था क्वचितच दुसऱ्या कुठल्या देशाचा असतो.

आता मी ज्या भागावर सर्वांत अधिक वेळ देत असे, तिकडे वळतो.

जावाच्या जपारा गावी २१ एप्रिल १८७९ रोजी कार्तिनी नावाची मुलगी जन्मली. वडील तेथील सरदार-अधिकारी. त्यांनी मुलीला डच शाळेत घातले, हेच त्या काळी धाडसाचे होते. बाराव्या वर्षी मात्र रिवाजाप्रमाणे तिला शाळेतून काढून घरात बसवले. लग्न होईपर्यंत उंबऱ्याबाहेर पडायचे नाही. तिला डच येत होते. तिने हॉलंडमधल्या मैत्रिणींना पत्रे लिहिण्यास आरंभ केला. त्या पत्रांत ती आपली कोंडी सांगते, मुलींसाठी शाळा हवी असे लिहिते, अनेक बायका करण्याच्या चालीबद्दल संताप व्यक्त करते. कुराण आम्हांला वाचायला शिकवतात पण अर्थ सांगत नाहीत, अशीही तिची व्यथा आहे. हे वाक्य वर्गात सांगताना मी समोरच्या चेहऱ्यांकडे पाहत असे.

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. पहिली काही वर्षे मी कार्तिनीची गोष्ट विजयाची म्हणून सांगत असे. तिने शाळा काढली, तिची पत्रे १९११ मध्ये छापली गेली, तिच्या नावाच्या शाळा निघाल्या, तिचा जन्मदिवस आज देशभर पाळला जातो. सारे खरे. परंतु मधले मी गाळत असे. तिला परदेशी शिक्षणाची संधी आली होती, ती तिने सोडली. १९०३ च्या अखेरीस तिचे लग्न रंबांगच्या अधिकाऱ्याशी झाले, आणि त्यांना आधीच्या बायका होत्या. ज्या चालीविरुद्ध तिने लिहिले, तीच तिच्या वाट्याला आली. १७ सप्टेंबर १९०४ रोजी, मुलाला जन्म दिल्यावर चार दिवसांनी ती वारली. वय अवघे पंचवीस. एका विद्यार्थिनीच्या मोठ्या भावाने कुठेतरी हे वाचले आणि बहिणीकरवी मला विचारले, सरांनी हे का सांगितले नाही? मी निरुत्तर झालो. मुले कोवळी आहेत म्हणून सत्याला साखर लावायची, आणि मग मोठेपणी त्यांनी आपल्या कोणत्याच शब्दावर विश्वास ठेवायचा नाही! पुढल्या वर्षापासून मी सर्व सांगू लागलो.

सर्व सांगितल्यावरच्या वर्षी एक मुलगी तास संपल्यावर थांबली. तिने विचारले, "सर, बाराव्या वर्षीच का?" मी रिवाज, वयात येणे वगैरे सांगितले. ती म्हणाली, "मला आता बारावं चालू आहे." आणि निघून गेली. पुढच्या जूनमध्ये आठवीच्या हजेरीपटावर तिचे नाव नव्हते. मी घरी गेलो. वडिलांनी चहा पाजला, घरातली अडचण सांगितली, आणि त्यांची अडचण खोटी नव्हती. मी परत आलो.

कार्तिनीबरोबर आणखी दोघांची ओळख करून देणे आवश्यक आहे, नाही तर मुलांना वाटते की सुधारणा म्हणजे डच भाषा येणाऱ्यांचे काम. अहमद दहलान हे जोगजकार्ताचे मौलवी. मक्केत शिकून आलेले आणि कापडाचा व्यापार करणारे. त्यांचे पहिले भांडण किब्ल्यावरून झाले. जावातील मशिदींचे तोंड सरळ पश्चिमेला असे. दहलान म्हणाले, नकाशा पाहा, मक्का येथून पश्चिमेच्या उत्तरेकडे आहे. लोक इतके चिडले की त्यांची नमाजाची जागा पाडून टाकण्यात आली. त्यांनी ती पुन्हा उभारली. १९११ मध्ये त्यांनी आपल्या घरातच शाळा काढली आणि तिच्यात बाके व फळा ठेवला, दीनी शिक्षणाबरोबर इतर विषय ठेवले. बाकावर बसून शिकणे म्हणजे ख्रिश्चनांची नक्कल, असे म्हणून लोकांनी त्यांना काफिर ठरवले. १८ नोव्हेंबर १९१२ रोजी त्यांनी मुहम्मदिया ही संस्था स्थापन केली. आज तिच्या हजारो शाळा आहेत, दवाखाने आहेत, विद्यापीठे आहेत. दुसरी मोठी संस्था नहदतुल उलमा १९२६ ची; ती जुन्या वळणाच्या उलमांची, आणि तिचेही मदरशांचे जाळे देशभर आहे. दोघांचे मतभेद आहेत आणि दोघांच्याही शाळा भरतात.

किब्ल्याची गोष्ट सांगितली की पृथ्वीचा गोल आणि एक दोरी वर्गात आणावी. मुंबईहून मक्केपर्यंत दोरी ताणली तर ती जवळजवळ पश्चिमेला जाते, किंचित उत्तरेकडे कलून. जावाहून ताणली तर पश्चिमेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे. अक्षांश-रेखांश शिकवायला याहून चांगला पाठ मला सापडला नाही, आणि त्या दिवशी वर्गातला प्रत्येक मुलगा घरी जाऊन कुणाला तरी तो समजावून सांगतो.

तिसरी ओळख रहमा अल्-यूनुसिया यांची. सुमात्रातील पादांग पांजांग गावी १९२३ मध्ये त्यांनी मुलींसाठी दीनिया पुत्री ही शाळा काढली. तेव्हा त्यांचे वय तेवीस होते. १९२६ च्या भूकंपात शाळा कोसळली. त्यांनी वर्गणी गोळा करून ती पुन्हा बांधली. डच सरकारची मदत त्यांनी घेतली नाही. १९५५ मध्ये कैरोच्या अल्-अझहरचे प्रमुख ही शाळा पाहून गेले, आणि १९५७ मध्ये अल्-अझहरने रहमाबाईंना शेखा ही पदवी दिली. अल्-अझहरमध्ये मुलींचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले ते त्यानंतर, १९६१ च्या कायद्याने. हजार वर्षांच्या विद्यापीठाने एका गावच्या शाळेकडून पाठ घेतला, असे म्हणायला हरकत नाही.

भाषेचा धडा थोडक्यात सांगतो. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बटाविया येथे, म्हणजे आजच्या जकार्तात, देशभरच्या तरुणांनी शपथ घेतली: देश एक, राष्ट्र एक, आणि जोडणारी भाषा इंडोनेशियन. ही भाषा म्हणजे बंदराबंदरांत चालणारी मलय. सर्वांत अधिक लोकांची मातृभाषा जावानी होती, मलय मातृभाषा असणारे थोडे होते. तरीही जावानी मंडळींनी आपला आग्रह सोडला. जावानीत थोरा-लहानांशी बोलण्याचे शब्दच वेगळे. आपल्या तू, तुम्ही, आपण याच्या कितीतरी पुढे. मलय सर्वांना सारखीच. घरी जावानी, सुंदानी, बाली चालूच राहिल्या. आपल्या घरांतही एक बोली असते, मदरशात दुसरी, शाळेत तिसरी, आणि नोकरीसाठी चौथीची धडपड. त्यावर पालकसभांत जे वाद होतात ते मी पुष्कळ ऐकले आहेत. वर्गात हाच वाद मी मुलांना दोन बाजू करून घालायला लावी. पालकांपेक्षा ती बरीच कमी ओरडत.

स्वातंत्र्याच्या कथेत आपलाही एक दुवा आहे, आणि तो सुखाचा नाही. १७ ऑगस्ट १९४५, रमजानचा महिना, शुक्रवार. सुकार्नो आणि हत्ता यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. जपान शरण आला होता, डच परत येऊ पाहत होते, आणि मध्ये जपान्यांची शस्त्रे उतरवून कैद्यांना सोडवण्यासाठी ब्रिटिशांनी फौजा पाठवल्या. त्या फौजा बव्हंशी हिंदी होत्या. ऑक्टोबरच्या अखेरीस जावातील सुराबाया बंदरात जी पलटण उतरली, तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. तिकडे नहदतुल उलमाच्या उलमांनी २२ ऑक्टोबरला देशरक्षण हे दीनी कर्तव्य म्हणून जाहीर केले होते. लढाई जुंपली. ३० ऑक्टोबरला ब्रिटिश ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले आणि १० नोव्हेंबरपासून शहरावर मोठा हल्ला झाला. सुमारे तीन आठवडे गल्लीगल्लीतून झुंज चालली. इंडोनेशियात १० नोव्हेंबर हा वीरांचा दिवस म्हणून पाळतात.

म्हणजे ज्यांचा स्वातंत्र्यलढा आपण वर्गात गौरवाने शिकवतो, त्यांच्यावर गोळी झाडणारा जवान सातारा-रत्नागिरीकडचाही असू शकतो. मुलांना मी विचारत असे, त्या जवानाने काय करायला हवे होते? कुणी म्हणे, हुकूम पाळायला हवा. कुणी म्हणे, बंदूक टाकायला हवी. काही हिंदी सैनिक, त्यांत मुसलमान पुष्कळ, खरोखरच इंडोनेशियनांच्या बाजूला गेले. बहुतेक गेले नाहीत. नेहरूंनी हिंदी सैन्याच्या या वापराचा जाहीर निषेध केला होता. एका मुलाचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते. तो म्हणाला, "आजोबांना कोणी विचारलं नव्हतं कुठं जायचं ते." त्या उत्तरानंतर मी तो तास तेथेच थांबवला. पुढे १९४७ मध्ये बिजू पटनाईक यांनी स्वतः विमान चालवून इंडोनेशियाचे नेते शहरीर यांना बाहेर काढले, जानेवारी १९४९ मध्ये नवी दिल्लीत इंडोनेशियासाठी परिषद भरली, डिसेंबर १९४९ मध्ये डचांनी सत्ता सोडली, आणि १९५० च्या आपल्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाला सुकार्नो पाहुणे होते. ही बाजूही सांगावी. पण सुराबाया झाकण्यासाठी नव्हे.

घटनेचाही एक प्रसंग आहे. मसुद्याच्या प्रस्तावनेत मुसलमानांवर शरियतचे पालन बंधनकारक करणारे सात शब्द होते. पूर्वेकडील ख्रिस्ती बेटांचे लोक अशाने वेगळे होतील, असा निरोप आला. १८ ऑगस्ट १९४५ ला, स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच दिवशी, हत्ता यांनी मुस्लिम पुढाऱ्यांशी बोलून ते शब्द गाळले. ईश्वर एक आहे, हे तत्त्व राहिले. काहींना ती तडजोड आजही सलते. बहुसंख्य असलेल्यांनी अल्पसंख्यांसाठी काय सोडावे, हा प्रश्न आपली मुले एरवी दुसऱ्या बाजूने ऐकतात. येथे ती बाजू बदलून बसतात, आणि ते त्यांना जड जाते. जड जाऊ द्यावे.

शेवटी १९६५. ३० सप्टेंबरच्या रात्री काही सेनापतींची हत्या झाली आणि त्यानंतर कम्युनिस्ट ठरवून लक्षावधी माणसे मारली गेली. पाच लाखांचा आकडा सामान्यतः सांगतात. सैन्य होते, आणि सैन्याबरोबर गावचे तरुणही होते. त्यांत मुस्लिम संघटनांचेही होते. शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारले. बारा वर्षांच्या मुलाला हे कसे सांगावे? तपशील नको, पण घडलेच नाही असे भासवू नये. मी त्याबरोबर हेही सांगतो की २००० साली राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वहीद, जे स्वतः नहदतुल उलमाचे पुढारी आणि तिच्या संस्थापकांचे नातू, यांनी या हत्यांबद्दल माफी मागितली. आणि २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. माफी मागितल्यावर त्यांच्याच लोकांतून विरोध झाला, तोही सांगतो.

महिन्याच्या अखेरीस परीक्षा नसे. प्रत्येकाने कार्तिनीसारखे एक पत्र लिहायचे. जपारा गावच्या आपल्या वयाच्या मुलाला किंवा मुलीला आपले गाव समजावून सांगायचे. पहिल्याच वर्षी घोटाळा झाला. मुलांना इंडोनेशियाच्या संस्थांची साले पाठ होती, पण आपली मशीद कधी बांधली, गावातली पहिली शाळा कुणी काढली, मॅट्रिक झालेली पहिली मुलगी कोणती, हे एकालाही सांगता येईना. मलाही येईना. मुले घरोघर विचारत सुटली. काहींना रागावून परत पाठवले गेले. काहींना आजीने बसवून घेतले. आठ दिवसांनी शाळेच्या जुन्या कपाटातून एक वाळवी लागलेले दाखलपुस्तक निघाले, त्यात मुलींच्या पहिल्या तुकडीत पाच नावे होती. त्यांतली एक आमच्याच वर्गातल्या मुलाची आजी निघाली. चौथीनंतर तिचे नाव पटावरून कमी केलेले होते. तो नातू ते पान उतरवून घरी घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी आजीने स्वतः मोडक्या अक्षरात लिहिलेल्या चार ओळी पत्राला जोडून घेऊन आला.